बाबा आणि टीव्हीतले साहेब

बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन लातूरला झालं आणि त्यानंतर दोन महिने ते आमच्याकडं राहिले. लेकीच्या घरी एवढे दिवस मुक्काम करायचा, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. नांदेडला स्वतःचं घर होतं, आई होती, विहारापाशी बसणारे चार दोस्त होते. पण नांदेडच्या घराला बारा पायऱ्या आहेत आणि आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, त्यामुळं डॉक्टरांनीच निकाल देऊन टाकला. आई आठ दिवस राहिली आणि परत गेली, कारण घराला कुलूप असलेलं तिला सोसत नाही. मग घरात राहिलो आम्ही चौघं: मी, माझा नवरा, सातवीतली माझी लेक आणि पलंगावर पाय लांब करून बसलेले बाबा.

बाबा पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. नायगाव, उमरी, इस्लापूर आणि पुन्हा उमरी, अशी त्यांची नोकरी नांदेड जिल्ह्यातच फिरत राहिली. आमच्या खानदानातला तो पहिला सरकारी पगार. आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते, त्यामुळं बाबांच्या अंगावर खाकी चढली तेव्हा सगळी वस्ती बघायला आली होती म्हणे. खेड्यात हवालदाराला जमादार म्हणतात. मीही शाळेत कितीतरी वर्षं जमादाराची पोरगी याच नावानं ओळखली जायचे.

चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "तुझ्या बाबानं किती जणांना गोळ्या घातल्या?" मी म्हणाले, तीन. ही गोष्ट फिरत फिरत घरी पोचली. बाबांनी मला जवळ बोलावलं. मार बसणार असं वाटत होतं. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "तीन का? मग पंच कोण कोण होते?" मला पंच म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी रडायला लागले आणि ते हसायला लागले.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी वाईट वाटायचं. बाबांचं काम मला पोलिसाचं कामच वाटायचं नाही. सायकलवर समन्स घेऊन या गावाहून त्या गावाला जायचं, जत्रेत बंदोबस्ताला उभं राहायचं, कोर्टात तारखेला जाऊन बाकावर बसून यायचं. संध्याकाळी घरी आले की पायावर धूळ आणि पिशवीत कागद. पिस्तूल मी त्यांच्या कमरेला कधीच पाहिलं नाही.

तर असे हे बाबा आमच्याकडं आले, आणि त्याच दिवसांत माझी लेक रोज संध्याकाळी आठ वाजता एक हिंदी मालिका बघायची. मालिका एका तरुण पोलीस अधिकाऱ्याची होती. काळा गॉगल, अंगाला घट्ट बसणारा शर्ट, बुलेटसारखी दणदणणारी गाडी. तो पुलावरून चालत्या ट्रकवर उडी मारायचा, एका हातानं दोघांना लोळवायचा, आणि प्रत्येक भागात निदान एक तरी गाडी उडून आगीत पडायची. मला त्या आवाजानं डोकं दुखायचं. मी भाकरी करता करता स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे.

पहिल्या दिवशी बाबांनी जेमतेम पाच मिनिटं पाहिलं आणि नातीला विचारलं, "हा कोण हाय?"

"पोलीस आहेत, आबा. मोठे साहेब."

"टोपी कुठाय याची?"

"हे टोपी घालत नाहीत."

"पट्टा न्हाई, टोपी न्हाई, नंबर न्हाई. लोकांनी वळखायचं कसं?"

तेवढ्यात साहेबांनी गोदामात शिरून धडाधड गोळ्या झाडल्या. बाबा उशीवरून पुढं सरकले. "अरे, याला हुकूम कोणी दिला? सोबत शिपाई न्हाई, ठाण्यात नोंद न्हाई. आता ह्या मयतांचा पंचनामा कोण करणार?"

लेक वैतागली. दुसऱ्या दिवशी तिनं टीव्ही लावायच्या आधी त्यांना बजावलं, की बोलायचं नाही. बाबा पंधरा मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "बंदूक पुसून घेतली त्यानं. मुद्देमाल हाय तो. हात लावायचा नसतोय." चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र उलटंच झालं. लेकच त्यांना विचारायला लागली, "आबा, यात काय चुकलं?" आणि बाबांनी तिची जुनी वही मागून घेतली.

ती वही अजून माझ्याकडं आहे. त्यांनी तीत मालिकेच्या प्रत्येक भागाची नोंद केली आहे, ठाण्यातली डायरी लिहावी तशी, तिरप्या, सुबक अक्षरात. 'वीस वाजता साहेब बिनगणवेश रवाना. सोबत कोणी नाही. वीस वाजून दहा मिनिटांनी आरोपीस काचेतून बाहेर फेकले. काच कोणाची, खुलासा नाही. मयत दोन. पंच हजर नाहीत. साहेबांस खरचटले, दवाखान्यात नेले नाही.' माझी लेक ते शाळेत नेऊन मैत्रिणींना वाचून दाखवायची. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका एक दिवस सहज म्हणून आल्या आणि मग रोज आठला खुर्ची ओढून बसायला लागल्या. त्यांना मालिकेपेक्षा बाबांचं बोलणं ऐकायचं असायचं.

तोवर गुडघ्याची बाजू काही धड नव्हती. व्यायाम शिकवायला उदगीरची एक तरुण मुलगी यायची, फिजिओथेरपिस्ट. ती गोड बोलायची आणि पाय मात्र दया न करता वाकवायची. बाबा तिच्यापुढं दात आवळून सगळं करायचे आणि ती गेली की दिवसभर पाय हलवायचे नाहीत. ती एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, दिवसातून चार वेळा झालं पाहिजे. न्हाईतर गुडघा असाच बसंल. मग काठी सुटायची न्हाई." मी समजावलं, रागावले, आईकडून फोन करवला. बाबा प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, "बघू."

तोडगा माझ्या लेकीनं काढला. मालिकेत चार वेळा जाहिराती लागायच्या. तिनं रिमोट स्वतःच्या मांडीखाली ठेवला आणि सांगितलं, "जाहिरात लागली की उठायचं. दहा वेळा पाय वाकवायचा आणि दारापर्यंत जाऊन यायचं. नाहीतर पुढचं दिसणार नाही."

"आणि मी न्हाई उठलो तर?"

"तर साहेब गोळीनं मेले का जगले ते तुम्हाला उद्यापर्यंत कळणार नाही."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटतं वरिष्ठाचा हुकूम त्यांनी त्या नजरेनंच मानला. जाहिरात लागली, ते वॉकर धरून उठले आणि दाराकडं निघाले. वरच्या बाई मोठ्यानं आकडे मोजायच्या. पहिल्या आठवड्यात ते दारापर्यंत पोचेपर्यंत जाहिराती संपायच्या, आणि लेक तेवढ्यासाठी चित्र थांबवून ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात ते दाराला हात लावून परत येऊन बसायचे आणि वर पाणी प्यायलाही वेळ उरायचा. फिजिओथेरपीच्या मुलीनं कोन मोजला आणि विचारलं, "आबा, काय केलं तुम्ही?" बाबा म्हणाले, "साहेबाची मेहरबानी."

मी दार लोटून घेणं कधी बंद केलं ते आठवत नाही. पण एका संध्याकाळी मीसुद्धा परातीत पीठ घेऊन हॉलच्या उंबऱ्यात बसले होते, आणि त्याच दिवशी ती घटना घडली. घटना म्हणजे काय, बाबा मालिका अर्धी सोडून उठले एवढंच.

त्या भागात एक माणूस घरात कोंडून घेतो. आत त्याची लहान मुलगी असते आणि त्याच्या हातात शस्त्र. बाहेर गर्दी, पोलिसांच्या गाड्या, भोंगे. साहेब छपरावर चढतात, कौलं फोडून आत उडी घेतात, हवेत असतानाच गोळी झाडतात. माणूस पडतो, मुलगी साहेबांच्या कडेवर. संगीत सुरू होतं. माझ्या लेकीनं टाळी वाजवली आणि वहीसाठी बाबांकडं पाहिलं. बाबांनी वही बंद करून ठेवली. "आज न्हाई," म्हणाले, आणि वॉकर न घेताच भिंतीला धरून आतल्या खोलीत गेले. गुडघा दुखतोय का, असं मी विचारलं. न्हाई म्हणाले. जेवलेही थोडंच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी चुरमुऱ्यांचा सुशीला केला, ताटली त्यांच्या हातात दिली आणि समोर बसले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि आपणहून बोलायला लागले.

"इस्लापूरला होतो मी तवा," ते म्हणाले. "तू दीड-दोन वर्षांची असशील."

सकाळी एक माणूस धावत ठाण्यात आला. जवळच्या एका खेड्यात एका शेतकऱ्यानं स्वतःला लेकीसकट घरात कोंडून घेतलं होतं. हातात कुऱ्हाड. बायको भांडून माहेरी गेलेली, भावाशी बांधावरून तंटा, आणि तीन दिवस पोटात अन्न नाही. जवळ कोणी आलं तर आधी पोरीला आणि मग स्वतःला संपवीन, असं तो आतून ओरडत होता. फौजदार साहेब मीटिंगसाठी किनवटला गेलेले. जीप त्यांच्यासोबत. बाबांनी सायकल काढली.

"गेलो तर सगळं गाव दारात उभं. जो तो त्याला काहीतरी सांगून राहिला. कोणी शिव्या घालून राहिला. मी सगळ्यांना मागं हटवलं आन उंबऱ्यावर बसलो."

"एकटेच?"

"दुसरं कोण होतं? बसलो. त्याला म्हणलं, मी जमादार हाय, दार उघड म्हणणार न्हाई, फक्त बसून राहतो. मग कापसाचं बोललो. बैलाचं बोललो. कधी तो बोलायचा, कधी न्हाई. आतून पोरगी रडायची, मग थांबायची. दुपार झाली. चैताचं ऊन. माझ्या घशाला कोरड पडली. म्हणलं, भाऊ, तहान लागली, पाणी दे."

इथं बाबांनी ताटली खाली ठेवली.

"त्यानं आतून विचारलं, कोणत्या गावचा? मी गाव सांगितलं. मग विचारलं, कोणत्या वस्तीतला? तेही सांगितलं. खोटं कशाला बोलायचं? त्या गावात आपल्या माणसाला तांब्या हातात देत नव्हते, माय. वरून वतायचे, ओंजळीत. तो लई वेळ काही बोलला न्हाई. मला वाटलं, बिघडलं सगळं. मग तो पोरीला म्हणला, जा, जमादाराला तांब्या नेऊन दे."

दाराची कडी निघाली. हातभर फट झाली आणि चार-पाच वर्षांची मुलगी दोन्ही हातांत तांब्या धरून बाहेर आली. बाबांनी तांब्या घेतला. मुलगी त्यांच्यापुढं उभी होती, हात लांबवला की हाती लागेल अशी. मागं दार उघडं, आणि दारामागं कुऱ्हाड घेतलेला बाप.

"मग तुम्ही तिला ओढून घेतलं," मी म्हणाले.

"न्हाई. आधी पाणी प्यालो."

"आधी पाणी?"

"पुरा तांब्या प्यालो. त्यानं पाणी दिलं होतं. न पिता पोरगी वढली असती तर ते पाणी मागणं लबाडीचं झालं असतं. त्याला जन्मभर वाटलं असतं की जमादारानं फसवलं. पाणी संपलं, मग पोरीचा हात धरला, तिला माझ्या मागं घेतलं, आन मागच्या बायांकडं दिली. आन परत तिथंच बसलो. म्हणलं, भाऊ, हा तुझा तांब्या घे. तो तांब्या घ्यायला आला, तर हातात कुऱ्हाड नव्हती. आतच ठिवली होती. तांब्या घेतला आन माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसून रडायला लागला."

त्या माणसाला बाबांनी सायकलच्या कॅरियरवर बसवून इस्लापूरला आणलं. वाटेत तो दोनदा म्हणाला, जमादार, मी उतरतो, चढ हाय. संध्याकाळी फौजदार आले आणि कुमक येईपर्यंत थांबला का नाही, म्हणून त्यांनी बाबांनाच झापलं. डायरीत दोन ओळी लिहिल्या गेल्या. पुढं त्याची बायको नांदायला परत आली, एवढं बाबांना कळलं. मग त्यांची बदली झाली. त्यापुढचं त्यांना माहीत नाही.

मी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होते. चाळिशी जवळ आली माझी, आणि तीन माणसांना गोळ्या घातल्याची खोटी गोष्ट मी शाळेत सांगितली होती तेव्हा ही खरी गोष्ट माझ्याच घरात होती. मी जे विचारलं ते जरा रागानंच विचारलं. "मग बाबा, तुम्हाला हे सगळं माहीत असताना तुम्ही त्या उड्या मारणाऱ्याला रोज बघता तरी कसे? कालचं तर किती खोटं होतं."

"खोटं हाय ना. मला म्हाईत हाय."

"मग?"

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तो पोचतो, माय," ते म्हणाले. "दर वेळेला पोचतो. कोणी हाक मारली की तो तिथं हाजर. त्याच्या गाडीत पेट्रोल कायम असतंय. माझ्या नोकरीत जीप असली तर डिझेल न्हाई, डिझेल असलं तर डायवर सुट्टीवर. सायकल मारत जायचं, तर लोक वाटेतच भेटायचे. जमादार, आता कशाला जाता, म्हणायचे. झालं सगळं. कोणाची पोरगी विहिरीतून काढून वर ठिवलेली, कोणाचं घर जळून गेलेलं. मग मी काय करणार? पंचनामा. म्हणून तर मला पंचनामा एवढा चांगला येतो."

ते हसले, आणि हसताना त्यांच्या चेहऱ्यावर कडवटपणा नव्हता. जे होतं ते सांगितलं, असा तो चेहरा होता.

"त्या दिवशी इस्लापूरला मी वेळेवर पोचलो. तेवढा एक दिवस. हा टीव्हीतला साहेब रोज पोचतो. बघायला बरं वाटतंय."

दुपारी मी आईला फोन करून विचारलं, तुला हे माहीत होतं का? आई म्हणाली, "माहीत होतं की. त्या दिवशी घरी आले आन दोन तांबे पाणी प्याले. जेवले न्हाईत. रात्रभर तुला मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं तुला ताप आला का काय." मग तिनं विचारलं, की गुडघा आता किती वाकतो.

त्या संध्याकाळी आठ वाजता बाबा पुन्हा आपल्या जागेवर होते. वही उघडली, चष्मा लावला. लेकीनं काल काय झालं म्हणून विचारलं नाही, मुलांना काही गोष्टी न सांगता कळतात. मी मात्र त्या दिवसापासून रोज पहिल्यापासून बसायला लागले. साहेब गाडीवर टांग टाकून निघाले की माझं बाबांकडं लक्ष जायचं. ते किंचित पुढं झुकलेले असायचे, जणू मागच्या सीटवर आपणही बसलोय. आणि साहेब पोचले, की त्यांचे खांदे सैल व्हायचे. हे मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. मला फक्त टोमणे ऐकू यायचे.

दोन महिने संपल्यावर आम्ही त्यांना नांदेडला पोचवायला गेलो. वरच्या बाईंनी निरोपाला शेंगांची चटणी दिली आणि आता आठ वाजता आम्ही काय करायचं, असं विचारलं. अहमदपूरला चहासाठी गाडी थांबवली तेव्हा बाबा एकटे उतरले आणि टपरीपर्यंत नुसत्या काठीवर चालत गेले. नांदेडच्या बारा पायऱ्या त्यांनी एक एक करून चढल्या. आई वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. त्या पूर्ण चढून झाल्यावरच ती म्हणाली, "आले का जमादार."

परवा दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस माहेरी गेले. बाबा मला आणायला स्टँडवर आले होते, काठी घरी ठेवून. संध्याकाळी टीव्ही लागला. मालिकेचा आता नवा हंगाम सुरू आहे. साहेबांची बदली दुसऱ्या शहरात झाली आहे आणि बदलीचा आदेश मात्र कोणी दाखवला नाही, हे बाबांनी मला जिना चढतानाच सांगितलं होतं. आईनं तिची सासू-सुनेची मालिका यासाठी सोडून दिली आहे. ती शेगडी हॉलच्या दाराशी ओढून घेते आणि तिथंच भाकऱ्या थापते.

साहेब एका पडक्या कारखान्यात शिरले होते. वीसेक गुंडांनी त्यांना घेरलं होतं. आईचा हात परातीतच थांबला.

"मरंल का हो हा?" तिनं विचारलं.

"न्हाई मरत," बाबा म्हणाले.

"मग बघायचं कशाला?"

"न्हाई मरत म्हणूनच बघायचं."

आईला ते पटलेलं दिसलं. तिनं तव्यावरची भाकरी निखाऱ्याला उभी केली, फुगली तशी बाबांच्या ताटात टाकली, आणि आम्ही तिघं पुढं बघायला लागलो.